कादंबरीकाराच्या कागदांतली तिकिटं, हँडबिलं, पावत्या: लावायला घेण्याआधी हे वाचा

कुणी कादंबरीकार गेला, किंवा हयातीतच त्याने आपले कागद एखाद्या संस्थेला द्यायचे ठरवले, की आवरायला बसणारी माणसं पहिल्यांदा हस्तलिखितं काढतात, मग पत्रं, मग डायऱ्या, आणि शेवटी जमिनीवर एक ढीग उरतो. त्यात प्रवासाची तिकिटं, नाटकसिनेमाची तिकिटं, कार्यक्रमपत्रिका, निमंत्रणं, हँडबिलं, व्हिजिटिंग कार्डं, पावत्या, औषधाच्या खोक्यातली माहितीची घडी, कॅलेंडरचं फाडलेलं पान, लॉजचं लेटरहेड, रेल्वेचं टाइमटेबल, निवडणुकीचं पत्रक, काय वाट्टेल ते असतं. हा ढीग "बाकीचं" म्हणून पिशवीत जातो आणि पिशवी रद्दीत.

मी पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा रद्दीत काही घातलं नाही, पण त्याच्याइतकंच वाईट केलं. सगळी तिकिटं एका पाकिटात, सगळी निमंत्रणं दुसऱ्यात, पावत्या तारखेने लावून तिसऱ्यात. दोन दिवसांत टेबल मोकळं. काही महिन्यांनी त्या लेखकावर अभ्यास करणारी एक मुलगी आली आणि तिने साधा प्रश्न विचारला, हे रेल्वेचं तिकीट कुठल्या खर्ड्यात सापडलं? मला सांगता येईना. नायक घर सोडतो त्या प्रकरणात ते होतं, की नुसतं ड्रॉवरच्या तळाशी पडलेलं होतं, हे आता कुणालाच कधीही कळणार नाही. अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून या सगळ्या लेखात एकच गोष्ट परत परत येणार आहे, ती म्हणजे कागद कुठे होता ते आधी लिहा, बाकी सगळं नंतर.

या प्रकारच्या कागदांना इफेमेरा म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ एका दिवसापुरतं. काम झालं की फेकून द्यायचं म्हणूनच छापलेला कागद. लंडनमध्ये मॉरिस रिकर्ड्स यांनी १९७५ मध्ये इफेमेरा सोसायटी काढली तेव्हापासून या विषयाकडे लोक जरा गंभीरपणे बघायला लागले, पण गोळा करणारे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख जॉन जॉन्सन यांनी जमवलेला असा संग्रह १९६८ पासून तिथल्या बोडलियन लायब्ररीत आहे आणि त्यात १५ लाखांच्या वर कागद आहेत. आपण मात्र संग्राहकाच्या कामाबद्दल बोलत नाही आहोत, हा फरक नीट धरून ठेवा. संग्राहकाला तिकीट तिकीट म्हणून हवं असतं, त्याची छपाई, टाइप, कागद, रंग, सगळं त्या तिकिटातच असतं, त्यामुळे तो प्रकारवार लावतो आणि ते बरोबरच आहे. कादंबरीकाराच्या कागदांतलं तिकीट मात्र शेजारच्या पानाशी बोलत असतं, आणि प्रकारवार लावलं की ते बोलणं बंद पडतं.

कादंबरीकार असे कागद नुसते विसरून ठेवत नाहीत, वापरतातही. जेम्स जॉइस १६ जून १९०४ या एकाच दिवसाची डब्लिनची कादंबरी, "युलिसीस", त्रिएस्ते, झुरिक आणि पॅरिसमध्ये बसून लिहीत होता आणि त्याच्या हाताशी डब्लिनची १९०४ ची छापील डिरेक्टरी होती, कुठल्या रस्त्यावर कितव्या नंबरला कोण राहतं ते तिच्यातून घेतलेलं. त्याच कादंबरीत एक हँडबिल नायक नदीत टाकतो आणि ते पुढे कितीतरी पानं वाहत जातं. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांनी तर वस्तू जमवत जमवतच "द म्युझियम ऑफ इनोसन्स" ही कादंबरी लिहिली आणि २०१२ मध्ये इस्तंबूलमध्ये त्याच नावाचं म्युझियम उघडलं, कादंबरीच्या ८३ प्रकरणांना धरून तिथे कपाटं मांडलेली आहेत. सगळे लेखक इतकं करत नाहीत हे खरं. पण तुमच्या समोरच्या ढिगातला कुठला कागद नुसता कागद आहे आणि कुठला कादंबरीत शिरलाय हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं, म्हणून पहिल्या दिवशी निवड करायची नाही.

हात लावायच्या आधी

मोबाइल काढा. आधी खोलीचा फोटो, मग कपाटाचा, मग एकेक खण, मग खणातली फाइल बंद असताना, मग उघडून. फाइलमध्ये पानांच्या मध्ये काही दिसलं की ते जिथे आहे तिथेच असताना दोन्ही पानांसकट फोटो. कंटाळवाणं आहे, एका फाइलला चाळीस चाळीस फोटो होतात, पण हे एकदाच करता येतं, नंतर परत संधी नाही.

मग नंबर. फार हुशार पद्धत शोधू नका, पेटी, फाइल, पान इतकं पुरतं. समजा तिसऱ्या पेटीतल्या सातव्या फाइलमध्ये ११२ आणि ११३ पानांच्या मध्ये तिकीट आहे, तर त्याचा नंबर ३-७-११२क, त्याच जागी दुसरं काही असेल तर ३-७-११२ख. कागद जपण्यासाठी तिथून काढायचाच असेल तर त्या जागी अ‍ॅसिड-फ्री (म्हणजे आम्ल नसलेल्या) कागदाची पट्टी ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलने लिहा, काय काढलं, केव्हा काढलं, आता कुठे आहे. नंबर कागदावर लिहायचा तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने, एचबी किंवा २बी, आणि खाली कडक पृष्ठभाग ठेवून हलक्या हाताने. गुळगुळीत कोटेड कागद असेल तर त्याच्यावर लिहूच नका, ज्या फोल्डरमध्ये ठेवणार त्याच्यावर लिहा. पेन, मार्कर, स्टिकर, शिक्का यातलं काहीही नाही.

अर्काइव्हवाल्या, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थांतल्या लोकांचा जुना नियम आहे की एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत आणि त्याने जसे लावले तसे राहू द्यायचे. पहिला भाग फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी सूचनेत आला, आणि मूळ क्रमाचा मुद्दा १८९८ च्या डच हँडबुकमध्ये नीट मांडला गेला. पण हा नियम घरात लावताना जरा डोकं लावावं लागतं, कारण लेखकाच्या टेबलावरचा प्रत्येक ढीग हा लेखकानेच केलेला असेल असं नाही. पाहुणे येणार म्हणून कुणीतरी सगळं उचलून खोक्यात भरलेलं असतं. त्यामुळे घरातल्या माणसांशी बोला, काकू, हे खोकं शेवटचं कुणी आवरलं, आजोबा कुठे बसून लिहायचे, हे पाकीट आधी कुठे असायचं, असं विचारा आणि ते सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा. ढीग नंतर कुणी केला असेल तर तेही लिहा. त्याने त्या ढिगाची किंमत कमी होत नाही, फक्त त्याच्यावरून किती अनुमान काढायचं ते ठरतं.

पुस्तकांकडे दुर्लक्ष करू नका. लेखकाच्या संग्रहातली पुस्तकं बहुतेक वेळा कागदांपासून वेगळी होऊन दुसरीकडे जातात, आणि त्यांच्यात खूण म्हणून घातलेली तिकिटं, बिलं, निमंत्रणं तशीच निघून जातात. प्रत्येक पुस्तक पानापानाने चाळा. झटकू नका, झटकलं की जागा गेली. बरेचदा स्वस्त कागदाच्या तुकड्याने दोन्ही पानांवर तपकिरी चौकोन उमटवलेला असतो, तुकडा स्वतः हरवला असला तरी तो डाग सांगतो की इथे वर्षानुवर्षं काहीतरी होतं, तर त्या डागाचाही फोटो घ्या आणि माप लिहा.

तारीख कशी काढायची

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि या कागदांचा खरा उपयोग इथेच कळतो. कादंबरीचे खर्डे बहुतेक वेळा बिनतारखेचे असतात. लेखकाने एखादा परिच्छेद हँडबिलाच्या कोऱ्या पाठीवर लिहिला असेल तर तो मजकूर हँडबिल छापण्याच्या आधीचा असूच शकत नाही. एवढी एक गोष्ट पक्की. पण उलट बाजूने काही पक्कं होत नाही हे कायम लक्षात ठेवा, कारण कागद वाचवणारी माणसं जुन्या पत्रकांचा गठ्ठा दहा दहा वर्षं वापरतात. म्हणून नोंद करताना "१९६५ चा खर्डा" असं लिहू नका, "१९६५ मध्ये किंवा नंतर" असं लिहा. आणखी एक, निमंत्रणावर कार्यक्रमाची तारीख असते, छपाई त्याच्या काही दिवस किंवा आठवडे आधीची असते. एकाच फाइलमधल्या चारपाच पानांच्या पाठी वेगवेगळ्या पत्रकांच्या असतील आणि सगळ्यांच्या तारखा एकाच वर्षाच्या आसपास येत असतील, तेव्हा जरा धीट व्हायला हरकत नाही.

कितीतरी कागदांवर दिनांक आणि वार असतो, वर्ष नसतं. इथे कॅलेंडर मदतीला येतं. समजा कार्यक्रमपत्रिकेवर "सोमवार, १२ जुलै" एवढंच आहे. १९४५ ते १९८० मध्ये १२ जुलै सोमवारी आला ती वर्षं १९४८, १९५४, १९६५, १९७१, १९७६. मधली सगळी वर्षं एका झटक्यात बाद. आता लेखकाचा जन्म, कुठल्या गावात कधी राहिला, कागदावरचा टाइप, यावरून पाचातून एक किंवा दोन उरतात. मोबाइलमधल्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन दोन मिनिटांत होणारं काम आहे, आणि तरीही कितीतरी सूचींत अशा कागदांपुढे नुसतं "तारीख नाही" असं लिहिलेलं दिसतं.

बाकी खुणा कागदावरच असतात, फक्त बघायची सवय लागते. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो, त्या छापखान्याचा पत्ता बदलला असेल तर सीमा मिळते. फोन नंबर किती आकडी आहे ते बघा. पत्त्यात पोस्टाचा कोड आहे का, अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये आला, भारतात पिन कोड १९७२ मध्ये, त्यामुळे कोड असेल तर कागद त्याच्या नंतरचा, मात्र कोड नाही म्हणून आधीचा असं म्हणता येत नाही, लोक वर्षानुवर्षं कोड न टाकताच छापत राहिले. ब्रिटिश पावतीवर शिलिंग हे जुनं चलन दिसलं तर ती फेब्रुवारी १९७१ च्या आधीची धरायला बहुतेक हरकत नसते. दुकानातल्या मालावर बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचा नाही, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा ओळख क्रमांक, १३ आकडी असेल तर बहुधा २००७ च्या आसपासचा किंवा नंतरचा, क्यूआर कोड १९९४ मध्ये निघाला आणि छापील पत्रकांवर सर्रास दिसायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

आणि पाठ. दर वेळी पाठ बघा. कुठल्याशा पावतीच्या मागे पात्रांची नावं, वयं, नाती लिहिलेली असतात, कधी नुसता एक संवाद, कधी बेरीज, कधी फोन नंबर. हस्ताक्षर लेखकाचंच आहे का तेही ठरवून लिहा, कारण घरात पावतीच्या मागे कुणीही काहीही लिहितं. नक्की वाटत नसेल तर "हस्ताक्षर बहुधा लेखकाचं" असं प्रामाणिकपणे लिहा.

काय ठेवायचं, काय नाही

माझं मत स्पष्ट आहे, हस्तलिखिताच्या, वहीच्या किंवा पुस्तकाच्या आत सापडलेलं काहीही टाकायचं नाही, मग ती लाँड्रीची चिठ्ठी का असेना. हाताने काही लिहिलेलं, खूण केलेलं, अधोरेखित केलेलं, टाकायचं नाही. सुट्या ढिगातलं कमी करता येतं. स्वतःच्या पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाची दोनशे कोरी निमंत्रणं उरली असतील तर दोनतीन ठेवा आणि किती होती तो आकडा लिहून ठेवा, कारण उरलेला आकडासुद्धा माहिती आहे. घरपोच येणारी जाहिरातपत्रकं, न उघडलेली, त्यातली नमुन्याला काही ठेवा. बँकेची स्टेटमेंटं, दवाखान्याची बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट वेगळ्या बंद पाकिटात, जागेची नोंद करून, आणि त्याचं काय करायचं हे कुटुंबाने ठरवायचं, तुम्ही नाही.

कमी करायचंच असेल तर ते सगळी यादी झाल्यावर करा. सुरुवातीला निरर्थक वाटलेली लॉजची पावती तिसऱ्या महिन्यात एका पत्राची तारीख सोडवून जाते, असं इतक्यांदा झालंय की मी आता यादी होईपर्यंत काही टाकतच नाही.

कागद जपायचे कसे

हे कागद टिकावेत म्हणून केलेलेच नव्हते, ही मुख्य अडचण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो आणि शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ घातलेली असते, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद पिवळा, मग तपकिरी, मग कुरकुरीत होतो. शिवाय तो शेजारच्या कागदालाही खराब करतो. सगळ्यात वाईट वर्तमानपत्राचं कात्रण. म्हणून कात्रण हस्तलिखिताला चिकटून ठेवू नका, त्याची अ‍ॅसिड-फ्री कागदावर झेरॉक्स काढून जागेवर झेरॉक्स ठेवा आणि मूळ कात्रण वेगळ्या फोल्डरमध्ये, नंबरसकट.

टाचण्या, यू-पिना, स्टेपल गंजलेल्या असतील तर काढा, पण स्टेपल रिमूव्हरने ओढून नाही, कागद फाटतो. कागद पालथा ठेवून स्टेपलचे पाय पातळ बोथट पात्याने हळूच सरळ करा आणि मग वरून उचला. पण कुठला कागद कशाला टाचलेला होता हे आधी लिहा, टाचलेला असणं हाच लेखकाने जोडलेला संबंध असतो. रबरबँड सुकून चिकटले असतील तर ओढू नका, सुटेल तेवढं काढा, उरलेलं राहू द्या.

सेलोटेप लावायचा नाही. लॅमिनेशन करायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही, उष्णतेने प्लास्टिक कागदात बसलं की ते परत निघत नाही. फाटलेलं जोडायचंच असेल तर ते कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं काम, ते लोक गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात, जे पुढे पाण्याने सोडवता येतं. तोवर फाटका कागद आहे तसा फोल्डरमध्ये सपाट ठेवा, पुष्कळ झालं.

थर्मल पावत्यांचं वेगळं सांगते कारण इथे खरोखर घाई आहे. दुकानातल्या, एटीएमच्या, नव्या तिकिटांच्या गुळगुळीत पावत्या, आणि जुने फॅक्ससुद्धा, यांच्यावर शाई नसतेच, उष्णतेने रंग बदलणारा थर असतो. ऊन, उष्णता, पीव्हीसी प्लास्टिक, काही गोंद, यांनी अक्षरं उडतात, काही वर्षांत कोरा कागद हातात राहतो. थर्मल आहे का हे कळायला नखाने घासून बघतात लोक, ते करू नका, रेघ उमटते. पाठ साधी आणि पुढची बाजू चकचकीत, छपाई एकरंगी, इतक्यावरून अंदाज येतो. अशा पावत्या सापडल्या दिवशीच स्कॅन करा, मजकूर टाइप करून ठेवा, आणि कागदाच्या पाकिटात अंधारात ठेवा. गेल्या तीसेक वर्षांत लिहिणाऱ्या कादंबरीकारांच्या कागदांत हे प्रचंड प्रमाणात असणार आहे.

प्लास्टिकचं पाकीट वापरायचंच तर पॉलिएस्टरचं, मायलार नावाने मिळतं ते, साधे स्टेशनरीचे मऊ पीव्हीसी फोल्डर नाही. खोक्यात फार दाटी नको आणि फार सैलही नको, सैल असेल तर कागद वाकतात. खोलीचं तापमान साधारण १८ ते २० अंश आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के असेल तर उत्तम, पण घरात ते जमत नाही, तेव्हा निदान चढउतार कमी असलेली जागा बघा, माळा आणि तळघर दोन्ही वाईट, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. प्रदर्शनात लावायचं तर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) वर नको आणि तेही थोडे महिने.

बुरशी दिसली तर एन-९५ मास्क लावा, तो भाग बाकीच्यांपासून लांब करा, ओला असेल तर आधी वाळू द्या, ओली बुरशी पुसायला जाल तर कागदात आणखी चोळली जाईल. कसर किंवा वाळवीसारखं काही असेल तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून उणे २० अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये एक ते दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाहीत, नाहीतर आत पाणी सुटतं. डांबरगोळ्या किंवा फवारे कागदांत घालू नका.

स्कॅन आणि यादी

दोन्ही बाजू स्कॅन करा, कोरी पाठसुद्धा, कारण "पाठ कोरी आहे" हे बघणाऱ्याला नाहीतर कळत नाही. रंगीत, निदान ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके), तिकिटासारखं छोटं असेल तर ६००, बाजूला मोजपट्टी ठेवून. जपायची प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार), वाटायची जेपेगमध्ये. फाइलचं नाव म्हणजे तोच नंबर, ३-७-११२क-पुढे, ३-७-११२क-मागे. वर्णनात्मक नावं देऊ नका, ती नंतर एकमेकांत गुंततात.

यादी स्प्रेडशीटमध्ये केली तरी चालते. नंबर, काय आहे, कुठे सापडलं, कशाला जोडलेलं होतं, छापील तारीख, अनुमानाची तारीख आणि अनुमान कशावरून, छापखाना, भाषा, माप, हस्ताक्षर आहे का, अवस्था. छापील तारीख आणि अनुमानाची तारीख हे दोन रकाने वेगळेच हवेत, एकत्र केले की पुढचा माणूस तुमचा अंदाज सत्य म्हणून वापरणार. पाच हजार कागद असतील तर प्रत्येकाची एवढी नोंद शक्य नाही, मग सुट्या ढिगाची फोल्डरवार एकेक ओळ पुरे, पण हस्तलिखितांच्या आत सापडलेल्यांची एकेक नोंद कराच. माझी एक नोंद अशी आहे: "नाटकाचे तिकीट, खालचा अर्धा भाग फाडलेला. खर्डा २, प्रकरण ९ च्या पहिल्या पानाला टाचलेले. मागे पेन्सिलने तीन नावे, बहुधा लेखकाचे हस्ताक्षर. त्यातले दुसरे नाव खर्डा ३ मध्ये पात्राला आहे." चार ओळी, पण यातून पात्राचं नाव कधी सुचलं ते सापडतं.

नेटवर टाकायचं असेल तर थांबा. हँडबिलाचा किंवा कार्यक्रमपत्रिकेचा कॉपीराइट लेखकाचा नसतो, ज्याने लिहिलं किंवा डिझाइन केलं त्याचा असतो, आणि बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर निदान ५० वर्षं चालतो, कितीतरी देशांत ६० किंवा ७०. व्हिजिटिंग कार्डांवर, लग्नपत्रिकांवर हयात माणसांचे पत्ते आणि फोन असतात, ते झाकून टाका किंवा टाकूच नका.

संस्थेकडे कागद सोपवताना यादीबरोबर पहिल्या दिवशी काढलेले ते सगळे मोबाइलचे फोटोही द्या, अंधुक आलेलेसुद्धा, आणि घरच्यांशी बोलून लिहिलेली टिपणंही. शिवाय एक फोल्डर "ओळख पटली नाही" असा ठेवा. माझ्याकडच्या त्या फोल्डरमध्ये तो पहिल्या वेळचा रेल्वे तिकिटांचा गठ्ठा अजून आहे, वर पाकिटावर लिहिलंय, "जागेची नोंद न करता काढली, कुठल्या खर्ड्यातली ते माहीत नाही."